हायपरबॅरिक ऑक्सिजन घ्यायचाय? आधी प्रेशरचा आकडा वाचायला शिका, मग चेंबर निवडा

हायपरबॅरिक ऑक्सिजन थेरपी, म्हणजे बंद चेंबरमध्ये दाब वाढवून ऑक्सिजन श्वासात घ्यायचा उपचार, त्याबद्दल विचारणारे फोन मला हल्ली बरेच येतात. कुणाच्या वडिलांची पायाची जखम भरत नाहीये, कुणाच्या आईला रेडिएशननंतर लघवीतून रक्त जातंय, कुणाला मुलाच्या ऑटिझमसाठी कुणीतरी सुचवलंय, आणि कुणाला नुसतंच फ्रेश वाटायला हवंय. सगळ्यांना दाखवलेल्या फोटोत एक नळकांडं असतं आणि आत झोपलेला हसरा माणूस असतो, त्यामुळे सगळीकडे एकच ट्रीटमेंट मिळते असा समज होतो. पण एका नळकांड्यात दाब १.३ असतो आणि दुसऱ्यात २.४, आणि हा फरक पंख्याच्या स्पीडसारखा कमी-जास्तचा नाहीये, बऱ्याच आजारांत तो उपचार मिळाला की नाही मिळाला एवढा मोठा आहे.

मी डॉक्टर नाही. रबाळे एमआयडीसीत प्रेशर गेजच्या कॅलिब्रेशनचं, म्हणजे दाबाचा काटा खरा आकडा दाखवतोय का ते तपासायचं काम करते. त्यामुळे कुणाला थेरपी द्यायची आणि कुणाला नाही हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं, पण समोरच्या काट्यावर जे दिसतंय त्याचा अर्थ काय आणि सेंटरवाल्याला कुठला प्रश्न विचारायचा हे मी नक्की सांगू शकते, कारण दिवसभर तेच करते.

काट्यावरचा आकडा आणि खरा आकडा

आपण ठाण्याच्या तलावपाळीवर उभे असतो तेव्हाही अंगावर हवेचा एक वातावरण एवढा दाब असतोच, फक्त साधा गेज त्याला शून्य म्हणतो. गेज फक्त वरचा, जास्तीचा दाब दाखवतो. हायपरबॅरिकमध्ये मात्र दाब एटीएमध्ये मोजतात, म्हणजे ॲटमॉस्फिअर ॲब्सोल्यूट, त्यात हवेचा मूळ १ धरलेला असतो. म्हणून २ एटीए म्हणजे काट्यावर साधारण १ किलो, किंवा १४.७ पीएसआय. २.४ एटीए म्हणजे काट्यावर साधारण २०.६ पीएसआय. ३ एटीए म्हणजे २९.४. आणि जाहिरातीतला १.३ एटीए म्हणजे काट्यावर फक्त ४.४ पीएसआय. स्कूबावाले हेच समुद्राच्या खोलीत सांगतात, दर १० मीटरला १ एटीए वाढतं, म्हणजे २.४ ला तुम्ही जणू १४ मीटर पाण्याखाली आहात, म्हणूनच सेंटरमध्ये सेशनला 'डाइव्ह' म्हणतात.

गोंधळ कुठे होतो ते सांगते. बार हेही दाबाचंच माप, जवळजवळ एका वातावरणाएवढं. कुणी म्हणालं 'आम्ही दीड बार देतो', तर लगेच विचारा, गेजचा दीड की ॲब्सोल्यूट दीड? गेजचा दीड बार असेल तर खरा दाब जवळजवळ अडीच एटीए झाला, म्हणजे चांगला उपचाराचा दाब. ॲब्सोल्यूट दीड असेल तर काट्यावर अर्धाच बार आहे. एकच शब्द, दोन टोकाचे अर्थ, आणि फोनवर बोलणाऱ्या रिसेप्शनिस्टला बहुतेक वेळा हे माहीत नसतं, म्हणून टेक्निशियनला किंवा डॉक्टरांनाच द्यायला सांगा.

दुसरा आकडा, जो कुणी सांगत नाही

नुसतं प्रेशर कळून उपयोग नाही. नाकातोंडातून आत काय जातंय, साधी हवा की शंभर टक्के ऑक्सिजन, हे कळलं पाहिजे. हिशोब अगदी सोपा आहे, एटीएला ऑक्सिजनच्या प्रमाणाने गुणायचं.

साध्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन, म्हणून आत्ता घरी बसून आपल्याला ०.२१ मिळतंय. १.३ एटीएच्या फुगवायच्या बॅगेत, म्हणजे झिपच्या मऊ चेंबरमध्ये, साधी हवा भरली तर १.३ गुणिले ०.२१, म्हणजे ०.२७. आता हे बघा, वॉर्डात पेशंटच्या नाकात दोन लिटरची साधी नळी लावली की त्याला साधारण २७-२८ टक्के ऑक्सिजन मिळतो, म्हणजे तोच ०.२७-०.२८! एवढा मोठा झिपवाला तंबू, एवढे पैसे, आणि मिळालं काय तर नळीएवढंच. बॅगेत कॉन्सन्ट्रेटरचा मास्क देतात तेव्हा आकडा वाढतो हे खरं, पण घरगुती कॉन्सन्ट्रेटर मिनिटाला ५ ते १० लिटर देतो आणि माणूस श्वास ओढतो तेव्हा त्याची ओढ त्याच्यापेक्षा किती तरी जास्त असते, मग उरलेली हवा मास्कच्या कडेने आत येते आणि ऑक्सिजन पातळ होतो. अगदी सगळं नीट जमून ९० टक्के मिळाला असं धरलं तरी १.१७ च्या वर जात नाही.

उलट २.४ एटीएला शंभर टक्के ऑक्सिजन घेतला तर २.४. घरच्या हवेच्या अकरा पटींहून जास्त. म्हणून सेंटरला फोन केलात की दोनच आकडे मागा, ॲब्सोल्यूट प्रेशर किती आणि श्वासात ऑक्सिजन किती टक्के, आणि कागदावर गुणाकार करा. अंडरसी अँड हायपरबॅरिक मेडिकल सोसायटी ही या विषयातली अमेरिकेतली मुख्य संस्था, त्यांच्या व्याख्येप्रमाणे निदान १.४ एटीए दाब आणि जवळजवळ शंभर टक्के ऑक्सिजन असेल तरच त्याला हायपरबॅरिक ऑक्सिजन म्हणायचं, आणि प्रत्यक्षात उपचार २ ते ३ च्या मधेच होतात.

एवढा दाब लागतोच कशाला

इथे बरेच जण बोटाला लावायचं ऑक्सिमीटर काढतात आणि विचारतात, माझं तर ९८ आहे, मग अजून ऑक्सिजन जाणार कुठे? प्रश्न बरोबर आहे. रक्तातलं हिमोग्लोबिन आधीच जवळपास भरलेलं असतं, त्याच्यावर अजून बसत नाही. हायपरबॅरिकमधला ऑक्सिजन रक्ताच्या पाण्यात, म्हणजे प्लाझ्मामध्ये विरघळतो, आणि किती विरघळेल हे दाबावरच ठरतं. साध्या हवेत १०० मिली रक्तात फक्त ०.३ मिली ऑक्सिजन असा विरघळलेला असतो. ३ एटीएला शंभर टक्के घेतला तर तो ६ मिलीच्या आसपास जातो, आणि शरीर स्वस्थ बसलेलं असताना १०० मिली रक्तातून साधारण ५ ते ६ मिलीच ऑक्सिजन काढून घेतं. म्हणजे थिअरीत हिमोग्लोबिनशिवायही भागतं. ॲमस्टरडॅमच्या बोएरेमा नावाच्या सर्जननी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हेच दाखवलं होतं, डुकरांचं रक्त काढून जागी जवळपास लाल पेशी नसलेला द्राव भरला आणि ३ एटीएला ऑक्सिजनवर ती जगली.

पायाच्या जखमेत जिथे बारीक रक्तवाहिन्या बंद पडत आल्यात, सूज आहे, तिथे लाल पेशी पोचत नाहीत पण प्लाझ्मा थोडा तरी झिरपतो, आणि हा विरघळलेला ऑक्सिजन त्याच्यासोबत जातो. म्हणून दाब हवा. आणि म्हणूनच ऑक्सिमीटरचा आकडा दाखवून कुणी 'बघा, वाढला' म्हणत असेल तर तिथून निघा.

मग सरळ ४-५ एटीए का नाही देत? कारण जास्त दाबाचा ऑक्सिजन मेंदूला झेपत नाही, फिट येते. पॉल बर्ट या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ मध्येच हे लिहून ठेवलंय. म्हणून शुद्ध ऑक्सिजनवर ३ ही वरची मर्यादा धरतात, आणि त्यातही मधे मधे पाच मिनिटं साधी हवा देतात, त्याला एअर ब्रेक म्हणतात. नीट चालणाऱ्या सेंटरमध्ये फिट क्वचितच येते, आणि आली तरी ऑक्सिजन बंद केला की थांबते.

कुठल्या आजाराला किती

भरत नसलेल्या जखमा, डायबेटिक फूट, रेडिएशनने झालेलं नुकसान यांना सहसा २.० ते २.५, दीड तास ऑक्सिजन, आठवड्यातून पाच दिवस, आणि एकूण २० ते ४० सेशन. गॅस गँगरीनमध्ये, म्हणजे झपाट्याने स्नायू सडवणाऱ्या इन्फेक्शनमध्ये, ३ पर्यंत नेतात. डायव्हरला होणारा डीकम्प्रेशनचा आजार (घाईने वर आल्यावर रक्तात हवेचे बुडबुडे होतात तो) असेल तर अमेरिकन नेव्हीचं टेबल ६ हे ठरलेलं वेळापत्रक वापरतात, त्यात २.८ पासून सुरुवात करून पावणेपाच तास लागतात. आपल्याकडे हे ज्ञान मुळात नौदलाचंच, कुलाब्याच्या आयएनएचएस अश्विनी या नौदलाच्या हॉस्पिटलमध्ये डायव्हर लोकांसाठी त्यांचं हे काम फार आधीपासून चालू आहे.

कार्बन मोनॉक्साइड वेगळं सांगते, कारण आपल्या बाथरूममधले गॅस गीझर. खिडकी बंद, एक्झॉस्ट नाही, आणि माणूस आत बेशुद्ध. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला घट्ट चिकटतो. साध्या हवेत त्याचं प्रमाण निम्मं व्हायला सुमारे पाच तास लागतात, मास्कने शंभर टक्के ऑक्सिजन दिला तर साधारण दीड तास किंवा कमी, आणि ३ एटीएला वीस-पंचवीस मिनिटं. तरी चेंबर शोधत बसू नका! आधी माणसाला उघड्यावर आणा, १०८ ला फोन करा, गीझरचं आवर्जून सांगा आणि जवळच्या कॅज्युअल्टीत मास्कने ऑक्सिजन सुरू होऊ द्या, चेंबरला हलवायचं की नाही ते तिथले डॉक्टर ठरवतील. इथे अजून एक गोष्ट, ऑक्सिमीटर या पेशंटमध्ये चांगला आकडा दाखवतो कारण त्याला कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजनमधला फरक कळत नाही, तेव्हा ९८ बघून घरी थांबू नका.

मऊ बॅग आणि त्याच्यासोबत विकली जाणारी आशा

यावर मी थोडं लांबण लावणार आहे कारण यात आईवडिलांची फार फरफट होते.

झिपची मऊ चेंबर मुळात डोंगरावर चढताना होणाऱ्या त्रासासाठी मान्य झालेली आहे, उंचीवर माणूस आजारी पडला की त्याला बॅगेत घालून पंपाने दाब वाढवायचा, म्हणजे तो जणू खाली उतरला. तिथे ती खरंच जीव वाचवते. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१३ मध्ये लोकांना जाहीर सावध केलं होतं की ऑटिझम, कॅन्सर, डायबेटिस वगैरेंसाठी हायपरबॅरिकचा उपयोग सिद्ध झालेला नाही.

सेरेब्रल पाल्सीचं बघा. कॅनडात क्युबेकमध्ये १११ मुलांवर नीट अभ्यास झाला, २००१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापून आला. अर्ध्या मुलांना १.७५ एटीएला शंभर टक्के ऑक्सिजन, अर्ध्यांना १.३ ला साधी हवा, दोघांना ४० सेशन. दोन्ही गटांत सुधारणा दिसली आणि दोघांत फरक नव्हता. आता विकणारे यातून म्हणतात, बघा, १.३ नेसुद्धा होतं! पण ऑक्सिजन जवळपास सहापट देऊनही काही जास्त मिळालं नाही, याचा सरळ अर्थ असा की सुधारणा ऑक्सिजनची नसावी, रोज आईवडिलांसोबत दोन महिने एका ठिकाणी जाणं, लोकांनी त्या मुलाशी बोलणं, सगळ्यांचं लक्ष त्याच्यावर असणं याची असावी. ज्या घरात थेरपिस्टची फी भरतानाच ओढाताण होते त्या घराने ते पैसे स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीला द्यावेत असं माझं ठाम मत आहे.

वय कमी करण्याच्या जाहिरातीत इस्रायलचा २०२० चा टेलोमिअरवाला (पेशीतल्या गुणसूत्रांची टोकं, जी वयाबरोबर आखूड होतात) अभ्यास दाखवतात. तो ३५ लोकांवर होता, तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि मुख्य म्हणजे तो २ एटीएला शंभर टक्के ऑक्सिजनवर होता, ६० सेशन. घोडबंदर रोडच्या एका वेलनेस सेंटरमध्ये हाच अभ्यास फ्रेम करून लावलेला होता आणि खाली १.३ ची बॅग! मी तिथल्या मुलीला विचारलं तर म्हणाली, 'मॅडम, प्रिन्सिपल सेमच आहे.' सेम नाहीये. अभ्यास ज्या दाबाचा तोच दाब मिळणार असेल तरच तो अभ्यास तुमच्या कामाचा.

एकट्याचा चेंबर की खोलीवाला

कडक चेंबरचे दोन प्रकार. मोनोप्लेस म्हणजे ॲक्रिलिकची पारदर्शक नळी, एकच माणूस झोपून, बहुतेक ठिकाणी पूर्ण नळीच ऑक्सिजनने भरलेली, मास्कची भानगड नाही, जास्तीत जास्त ३ एटीए. मल्टिप्लेस म्हणजे लोखंडी खोली, चार-सहा-दहा लोक बसून, खोलीत साधी दाबाची हवा आणि प्रत्येकाला मास्क किंवा डोक्यावर पारदर्शक हूड, आणि आत एक अटेंडंट.

मोनोप्लेसचा फायदा, ऑक्सिजनची गळती होऊन प्रमाण कमी होत नाही, जे श्वासात जातं ते शंभर टक्केच. ज्यांना इन्फेक्शन आहे त्यांना दुसऱ्यांपासून वेगळं ठेवता येतं. पण आत कुणी हात लावू शकत नाही. पेशंट घाबरला, उलटी झाली, शुगर उतरली तर आधी प्रेशर खाली आणावं लागतं आणि त्याला काही मिनिटं जातात. फिट चालू असताना घाईने दाब उतरवणं धोक्याचं, कारण श्वास अडकलेला असताना फुप्फुसातली हवा प्रसरण पावते. म्हणून मोनोप्लेस असेल तर हे विचाराच, आत एअर ब्रेकसाठी साध्या हवेचा मास्क आहे का? २.४ देतात आणि एअर ब्रेकची सोय नाही असं असेल तर दुसरं सेंटर बघा.

मल्टिप्लेसमध्ये अटेंडंट सोबत असतो, बसता येतं, वयस्कर माणसाला आणि बंद जागेची भीती वाटणाऱ्याला हे सोपं जातं, आयसीयूच्या पेशंटलाही तिथे सांभाळता येतं. पण सगळी मदार मास्कवर. दाढी असेल, दात नसल्याने गाल बसलेले असतील तर मास्कच्या कडेने खोलीतली हवा आत येते, आणि मग २.४ चा गुणाकार १.८ वर कधी येतो कळतही नाही. अशा माणसाला हूड मागा, मानेभोवती रबरी पडदा असतो तो नीट बसतो. आणि पॅनेलवर खोलीतल्या ऑक्सिजनचा मीटर असतो तो बघा, साधारण २१ असायला हवा, २३.५ च्या वर जाता कामा नये. वर जात असेल तर कुणाच्या तरी मास्कमधून ऑक्सिजन बाहेर गळतोय आणि आगीचा धोका वाढतोय.

कळव्याच्या मामांचं

माझ्या मामांना बरीच वर्षं शुगर, उजव्या पायाच्या अंगठ्याखाली जखम, ड्रेसिंगवर ड्रेसिंग चालू. कुणीतरी त्यांना हायपरबॅरिक सुचवलं आणि मामा पॅकेजचे पैसे भरायला निघालेच होते. मी म्हटलं, 'मामा, आधी पायातलं रक्त तर बघू या.' ते म्हणाले, 'अगं, ऑक्सिजन दिला की रक्त सुधारेलच ना?' नाही सुधारत. मोठी रक्तवाहिनीच बंद असेल तर प्लाझ्मा तरी कसा पोचणार? डॉपलर, म्हणजे पायातला रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी झाली, मांडीतली वाहिनी अरुंद निघाली, आधी अँजिओप्लास्टी, मग सहा आठवडे पायावर वजन न टाकता नीट ड्रेसिंग, आणि त्यानंतर उरलेल्या जखमेसाठी चेंबर असा क्रम डॉक्टरांनी ठरवला. हा क्रम उलटा करू नका, हे हात जोडून सांगते.

तिथे मी एक टेस्ट पहिल्यांदा पाहिली. जखमेच्या बाजूला, धडधाकट दिसणाऱ्या कातडीवर रुपयाएवढा गरम सेन्सर चिकटवतात आणि कातडीतून येणारा ऑक्सिजन मोजतात, टीकॉम म्हणतात तिला. साध्या हवेत ४० मिमी पाऱ्याच्या खाली म्हणजे तिथे ऑक्सिजन कमी पडतोय. मग चेंबरमध्ये पूर्ण दाबावर परत मोजतात, आकडा २०० च्या वर गेला तर जखम भरायची शक्यता चांगली. हलतच नसेल तर ४० सेशनचे पैसे घालवण्याआधी डॉक्टरांशी परत बोलायचं. पॅकेज घ्यायच्या आधी ही टेस्ट करून मिळेल का, हा प्रश्न माझ्या यादीत सगळ्यात वर आहे.

डायबेटिक फूटमध्ये पुरावा एकतर्फी नाही हेही सांगते. स्वीडनच्या २०१० च्या अभ्यासात २.५ एटीएला एका वर्षात ५२ टक्के लोकांची जखम भरली, नुसती दाबाची हवा मिळालेल्यांत २९ टक्के. कॅनडाच्या २०१६ च्या अभ्यासात मात्र पाय कापायची वेळ येण्यात फरक दिसला नाही. म्हणजे सरसकट सगळ्यांना नको, निवडून द्यायला हवं. रेडिएशनचंही तसंच. टाटा हॉस्पिटल आणि त्यांच्याच खारघरच्या ॲक्ट्रेक या कॅन्सर सेंटरमुळे आपल्या भागात रेडिएशन घेतलेले पेशंट खूप. रेडिएशनमुळे मूत्राशयाला झालेल्या त्रासात २०१९ च्या युरोपातल्या अभ्यासात चांगला फायदा दिसला. पण जबड्याला रेडिएशन झालेल्यांचा दात काढायच्या आधी सरसकट चेंबर द्यायची पद्धत होती, तिचा फायदा त्याच वर्षीच्या होपॉन अभ्यासात दिसला नाही. आधीच दुखावलेला जबडा ही निराळी गोष्ट, तिथे तुमच्या सर्जनचं ऐका.

अंतराचाही विचार करा. ४० दिवस जायचं म्हणजे चेष्टा नाही. पायावर वजन टाकायचं नाही असं सांगितलेल्या माणसाला ठाणे स्टेशनच्या पुलाचे जिने चढवून ट्रान्स-हार्बर पकडून नेलंत तर चेंबरमध्ये कमावलेलं जिन्यावर घालवाल. पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी तुंबलं की रिक्षा निम्म्या वाटेतून परत. तेव्हा लांबच्या भारी मल्टिप्लेसपेक्षा जवळचा, नीट चालवलेला २.० चा मोनोप्लेस, जिथे रोज जाणं होईल, तो बऱ्याचदा बरा.

सेंटरमध्ये गेल्यावर काय बघायचं

मी पहिला गेज बघते. प्रत्येकावर कॅलिब्रेशनचा स्टिकर असतो, त्यावर केल्याची आणि पुढची तारीख. तारीख उलटून गेली असेल तर तो काटा २.४ दाखवतोय की नुसता तसा वाटतोय हे कुणी सांगू शकत नाही. सर्टिफिकेट एनएबीएलच्या (लॅबना मान्यता देणारी संस्था) मान्यतेच्या लॅबचं आहे का विचारा, लपवण्यासारखं काही नसेल तर दाखवतात. चेंबरच्या अंगावर धातूची पट्टी ठोकलेली असते, तिच्यावर जास्तीत जास्त दाब आणि बनवल्याचं साल, माणसांच्या चेंबरसाठीचं स्टँडर्ड एएसएमई पीव्हीएचओ-१ लिहिलेलं असेल तर उत्तम. ॲक्रिलिकलाही वय असतं, साधारण १० वर्षांचं डिझाइन लाइफ धरतात. नळीकडे तिरप्या उजेडात बघा, आतल्या बाजूला बारीक रेषांचं जाळं दिसतंय का. असे तडे बऱ्याचदा स्पिरिटने पुसल्यामुळे येतात, ॲक्रिलिक स्पिरिटने पुसायचं नसतं. कुणी सॅनिटायझर मारून नळी पुसताना दिसलं तर त्या माणसाला ट्रेनिंग नाही हे समजून जा.

आणि आग. १९९७ मध्ये मिलानच्या एका हॉस्पिटलमधल्या चेंबरमध्ये आग लागून ११ लोक गेले, कुणीतरी हात शेकायचं छोटं उपकरण आत नेलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत मिशिगनला पाच वर्षांचं मूल मोनोप्लेसमध्ये जळून गेलं. हे घाबरवायला सांगत नाहीये, पण ऑक्सिजनमध्ये ठिणगीला माफी नसते. म्हणून अंगावर फक्त सेंटरने दिलेले शंभर टक्के सुती कपडे. नायलॉनची साडी नाही, पॉलिस्टरचा परकर नाही. डोक्याला खोबरेल तेल नाही, बाम नाही, व्हॅसलीन नाही, डिओ नाही, नेलपॉलिश नाही. मोबाइल, घड्याळ, कानाचं मशीन, लायटर बाहेर. मोनोप्लेसमध्ये मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधतात, तो बांधला का हे रोज स्वतः बघा, आणि ज्या सेंटरमध्ये झडती न घेता आत सोडतात तिथे दुसऱ्या दिवशी जाऊ नका.

कानाचं आधी डॉक्टरांना सांगा. खंडाळ्याचा घाट उतरताना कानात दडे बसून तासन्तास सुटत नसतील तर इथे त्रास होणार, ईएनटीला दाखवून मगच सुरू करा. दाब चढायला लागला की पहिल्या काही मिनिटांतच कानावर जास्त येतं. तेव्हा लाळ गिळा, जबडा हलवा, नाक दाबून हळूच फुंका, जोर लावायचा नाही. दुखायला लागलं की लगेच हात वर करा, टेक्निशियन थांबतो, थोडं खाली आणतो. दाब चढताना आत उबदार होतं आणि उतरताना गार पडून धुकं धरतं, पहिल्यांदा जाणारे दचकतात पण ते नेहमीचंच आहे. सर्दी असेल त्या दिवशी फोन करून सुट्टी घ्या.

ज्यांच्या फुप्फुसाभोवती हवा साचलीय आणि उपचार झालेला नाही त्यांना अजिबात चालत नाही. हृदयाचं पंपिंग कमी असेल, ब्लिओमायसिनची केमो झालेली असेल, पेसमेकर असेल, फिट्सचा त्रास असेल तर पहिल्या भेटीत हे सगळं कागदावर लिहून द्या. छातीचा एक्सरे न बघता पहिल्याच दिवशी आत झोपवत असतील तर ते सेंटर नको.

शुगरवाल्यांनी सकाळचं इन्सुलिन घेऊन उपाशी जायचं नाही, चेंबरमध्ये शुगर उतरते. आत जाण्याआधी आणि बाहेर आल्यावर बोटातून तपासतात, नाही तपासली तर मागून घ्या. वीसेक सेशननंतर लांबचं अंधुक दिसायला लागलं तर घाबरू नका, मायनस नंबर तात्पुरता वाढतो आणि थेरपी संपल्यावर काही आठवड्यांत-महिन्यांत परत येतो, तोवर नवीन चष्मा करायला टाकू नका. जखमेचा फोटो दर आठवड्याला त्याच उजेडात, बाजूला पट्टी ठेवून काढा, आणि पूर्ण ४० चे पैसे एकदम भरू नका. २० झाल्यावर फोटो घेऊन तुमच्या सर्जनकडे जा आणि पुढचे वीस लागणार आहेत का ते त्यांना ठरवू द्या. विमा असेल तर पॉलिसीत हायपरबॅरिकबद्दल काय लिहिलंय ते टीपीएकडून (विम्याचे क्लेम बघणारी कंपनी) पहिल्या सेशनच्या आधी ईमेलवर घ्या, तोंडी 'होऊन जाईल' चालत नाही.